क्रूझचं बुकिंग कुठून करावं आणि सोबत काय मागून घ्यावं: चार मार्गांचा आढावा

क्रूझच्या जाहिरातीत ठळक छापलेला ‘माणशी अमुक रुपयांपासून’ हा आकडा बाजूला ठेवा. त्यावरून काहीच ठरवता येत नाही. एकच जहाज, एकच तारीख आणि एकाच प्रकारची केबिन चार ठिकाणी विचारलीत तर भाडं जवळपास सारखंच निघेल. बहुतेक मोठ्या क्रूझ कंपन्या आपल्या भाड्यापेक्षा कमी दर जाहीर करायला एजंटांना मनाई करतात, हे त्यामागचं कारण. फरक पडतो तो तिकिटासोबत काय मिळतं यात. जहाजावर खर्चायला क्रेडिट, आधीच भरलेली ग्रॅच्युइटी (म्हणजे जहाजावरच्या कर्मचाऱ्यांची टिप), वायफाय, मधल्या भागातली शांत केबिन, मोठ्या ग्रुपमागे एक फुकट जागा, ही सगळी खरी सवलत. ती आपणहून कोणी देत नाही, मागावी लागते, आणि डिपॉझिट भरायच्या आधी मागावी लागते.

हा आढावा बुकिंगच्या मार्गांचा आहे, जहाजांचा नाही. उदाहरणं दोन बंदरांची घेतली आहेत. एक मुंबई, जिथून कॉर्डेलिया या भारतीय क्रूझ कंपनीची ‘एम्प्रेस’ सुटते. दुसरं सिंगापूर, जिथून रॉयल कॅरिबियनची जहाजं आणि रिसॉर्ट्‌स वर्ल्ड क्रूझेसचं (२०२५ पासूनचं नाव स्टारड्रीम क्रूझेस) ‘जेंटिंग ड्रीम’ सुटतं. पुण्या-मुंबईकडे क्रूझची चौकशी करणाऱ्यांसमोर बहुधा हेच पर्याय येतात.

आधी बिल समजून घ्या

क्रूझच्या बिलात निदान तीन वेगळे तुकडे असतात: मूळ भाडं, पोर्ट चार्जेस आणि कर, आणि ग्रॅच्युइटी. सवलत जवळजवळ नेहमी पहिल्या तुकड्यावरच असते. ‘दुसऱ्या प्रवाशाला ५० टक्के सूट’ किंवा ‘मुलं फुकट’ असं वाचलंत तरी त्या प्रवाशाचे पोर्ट चार्जेस आणि ग्रॅच्युइटी बहुधा पूर्ण लागतात. दोन-तीन रात्रींच्या स्वस्त सफरीत तर हे दोन तुकडे मिळून भाड्याच्या जवळ पोचू शकतात. मग फुकट गेलेल्या मुलाचं बिल पाहून घरचे चक्रावतात.

आकडे उदाहरणापुरते घेऊ. सिंगापूरहून ४ रात्री, बाल्कनी केबिन, दोघं जण. जाहिरातीत ‘माणशी ४५० डॉलर’. दोघांचं मूळ भाडं ९०० डॉलर. पोर्ट चार्जेस आणि कर २४० डॉलर. ग्रॅच्युइटी रोज माणशी १८.५० डॉलर धरली तर १४८ डॉलर. एकूण १,२८८ डॉलर, म्हणजे माणशी ६४४. जाहिरातीतल्या आकड्यापेक्षा ४३ टक्के जास्त. यात अजून जीएसटी नाही, विमान नाही, व्हिसा नाही.

त्यात भारतात एक चौथा तुकडा जोडला जातो, आणि त्याबद्दल फार कमी लोक विचारतात: आरओई, म्हणजे एजंट डॉलरचं रुपयात रूपांतर ज्या दराने करतो तो दर. तो बाजारभावापेक्षा रुपया-दोन रुपये वर असणं नेहमीचंच आहे. वरच्या बिलात डॉलरमागे २ रुपये जास्त लावले तर २,५७६ रुपये हळूच निघून जातात. एका एजंटाने ३० डॉलरचं क्रेडिट दिलं आणि आरओई दोन रुपये चढा लावला, दुसऱ्याने क्रेडिट दिलं नाही पण दर बँकेचाच लावला, तर दोघे जवळजवळ सारखेच पडतात. म्हणून कोटेशन मागताना डॉलरमधला आकडा आणि रुपयातला आकडा दोन्ही मागा, आणि दर कोणत्या दिवशीचा हेही लिहून घ्या. हप्त्याने पैसे भरायचे असतील तर शेवटच्या हप्त्याला त्या दिवशीचा दर लागेल की पहिल्या दिवशीचा, हे आधीच ठरवा.

परदेशी टूर पॅकेजवर एजंट टीसीएसही, म्हणजे तुमच्या आयकराचा आगाऊ भाग, घेतो. त्याचा दर अर्थसंकल्पात बदलत आला आहे. ही रक्कम वाया जात नाही. तुमच्या पॅनवर जमा होते, आयकर खात्याच्या तुमच्या नोंदीत दिसते आणि विवरणपत्र भरताना वळती करून घेता येते. एकाच्या कोटेशनमध्ये टीसीएस धरलेला आणि दुसऱ्याच्यात नाही, असं असेल तर तो काढूनच तुलना करा.

एजंट किती देऊ शकतो

मागणी वाजवी असली की मिळायची शक्यता वाढते, म्हणून एजंटाचं गणित माहीत हवं. कमिशन साधारण १० ते १६ टक्क्यांच्या घरात असतं. ते पूर्ण बिलावर मिळत नाही. कर आणि पोर्ट चार्जेसवर कमिशन नाही, आणि मूळ भाड्यातलाही एक भाग कंपनी कमिशनबाहेर ठेवते. वरच्या उदाहरणात ९०० पैकी २०० डॉलर असे कमिशनबाहेरचे धरले तर एजंटाच्या हाती ७०० डॉलरवरचं, म्हणजे ७० ते ११२ डॉलर येतात. त्यातून तो ३० ते ५० डॉलरचं क्रेडिट आनंदाने देईल. दोनशे मागितलेत तर तो फोन ठेवेल, आणि त्याचं चुकणार नाही.

मुंबई-गोव्याच्या दोन रात्रींच्या सफरीत रक्कमच छोटी, त्यामुळे कमिशनही छोटं. तिथे पैशांची मागणी न करता केबिनची जागा मागा, जेवणाची वेळ मागा, आजी-आजोबांची आणि मुलांची केबिन शेजारी-शेजारी मागा. यात एजंटाचं काही जात नाही आणि तुमची सफर मात्र बदलते.

मार्ग पहिला: कंपनीची स्वतःची वेबसाइट

गुण ५ पैकी ३. केबिन निवडायला यापेक्षा चांगली जागा नाही. डेकचा नकाशा समोर असतो. वर थिएटर किंवा डान्स फ्लोअर आहे का, खाली स्वयंपाकघर आहे का, बाजूला लिफ्ट आहे का, हे दिसतं. दोन्ही बाजूंना, वर आणि खाली केबिनच असलेली केबिन शांत, हा नियम सहसा चुकत नाही. समुद्र लागणाऱ्यांनी जहाजाच्या मध्यावरची, खालच्या डेकवरची केबिन घ्यावी. ‘एम्प्रेस’ १९९० साली बांधलेलं, ४८,५६३ ग्रॉस टनांचं (हे आकारमानाचं माप), आजच्या मानाने लहान जहाज आहे. सिंगापूरचं ‘जेंटिंग ड्रीम’ दीड लाख टनांच्या वर आहे. लहान जहाज जास्त हलतं, त्यामुळे मुंबईहून जाताना केबिनच्या जागेला जास्त महत्त्व.

साइटवर मिळत नाही ती जादा सवलत. कंपनी एजंटाचं कमिशन वाचवते, पण ते तुम्हाला देत नाही. भाडं उतरलं तर कळवणारंही कोणी नाही. स्वतः आठवड्याला बघायची आणि कस्टमर केअरशी बोलायची तयारी असेल तरच हा मार्ग धरा. एक गोष्ट मात्र कुठेही बुकिंग केलंत तरी कंपनीच्याच साइटवर करायची, ती म्हणजे वायफाय, ड्रिंक्स, खास रेस्टॉरंट यांचं आगाऊ बुकिंग. रॉयल कॅरिबियनच्या क्रूझ प्लॅनरमध्ये हे दर जहाजावरच्या दरांपेक्षा बहुधा कमी असतात आणि सेलच्या दिवसांत आणखी उतरतात. आधी महाग घेतलं असेल तर निघण्यापूर्वी ते रद्द करून नव्या दराने परत घेता येतं. एवढंच करून एका कुटुंबाचे बरेच डॉलर वाचतात, आणि यासाठी कोणाची मनधरणी करावी लागत नाही.

मार्ग दुसरा: मोठी ऑनलाइन पोर्टल्स

गुण अडीच. विमानाचं तिकीट जिथे काढता तिथेच क्रूझही दिसते. फायदा एकच आणि तो खरा आहे: बँकेच्या कार्डावरची थेट सूट. देशांतर्गत सफरीला, जिथे एजंट फारसं काही देऊ शकत नाही, तिथे ही सूट सगळ्यात भारी पडू शकते. तोटा बुकिंगनंतर दिसतो. नावातली चूक दुरुस्त करायची, केबिन बदलायची किंवा तिसरा माणूस वाढवायचा तर पोर्टल कंपनीकडे बोट दाखवतं आणि कंपनी पोर्टलकडे, कारण बुकिंग पोर्टलच्या खात्यावर असतं. दोघांची, काही बदलणार नाही अशी सरळ सफर असेल तर इथे घ्या. सहा जणांच्या कुटुंबासाठी घेऊ नका.

परदेशी पोर्टल्सवर दिसणाऱ्या मोठ्या भेटी पाहून हुरळू नका. अमेरिकेतल्या एजन्सींचे बरेच दर आणि सवलती तिथल्या किंवा कॅनडाच्या रहिवाशांपुरत्या असतात. मुलगा-सून अमेरिकेत असतील तर गोष्ट वेगळी. तिथे कॉस्टको या दुकानसाखळीच्या सभासदांना कॉस्टको ट्रॅव्हलमधून केलेल्या बऱ्याच क्रूझवर शॉप कार्ड मिळतं, आणि ते घरच्या किराण्याला चालतं. अलास्काच्या सफरीला भारतातून आईवडिलांना नेणाऱ्यांनी मात्र सवलतीआधी व्हिसा बघावा. सिएटलहून सुटून सिएटललाच परतणारी जहाजंही वाटेत बहुधा कॅनडाच्या व्हिक्टोरियाला थांबतात, कारण अमेरिकी कायद्याने परदेशी नोंदणीच्या जहाजाला मध्ये एक परदेशी बंदर घ्यावंच लागतं. अमेरिकेचा पर्यटक व्हिसा आणि भारतीय पासपोर्ट असलेल्या आईवडिलांना त्यासाठी कॅनडाचा व्हिसा लागतो, मग ते व्हिक्टोरियाला उतरोत वा न उतरोत. तो नसेल तर सिएटललाच जहाजावर घेत नाहीत आणि पैसेही परत मिळत नाहीत.

मार्ग तिसरा: क्रूझ जाणणारा एजंट

गुण साडेचार, पण ‘जाणणारा’ या शब्दावर भर देऊन. कोपऱ्यावर रेल्वे आणि विमानाची तिकिटं काढणारा माणूस प्रामाणिक असेल, तरी क्रूझमध्ये तोही वरच्या मोठ्या एजन्सीकडूनच घेतो. कमिशन दोघांत वाटलं जातं आणि तुमच्यासाठी काही उरत नाही.

खरा जाणकार ओळखायला तीन प्रश्न पुरतात. पहिला: या तारखेला तुमच्याकडे ग्रुप ब्लॉक आहे का? मोठे एजंट लोकप्रिय तारखांना महिनोन्‌महिने आधी केबिनचा एक गठ्ठा धरून ठेवतात. त्यातली केबिन गठ्ठा धरला त्या दिवशीच्या दराने मिळते, आणि कंपनीने त्या ग्रुपला दिलेलं क्रेडिट किंवा तत्सम भेटही मिळते. त्यासाठी ग्रुपमधल्या कोणाला ओळखायची किंवा सोबत फिरायची गरज नसते. दुसरा प्रश्न: भाडं उतरलं तर तुम्ही नव्या दराने बुकिंग करून द्याल का, आणि त्याचे पैसे घेणार का? तिसरा: कंपनीची शेवटचा हप्ता भरायची तारीख कोणती?

हा तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. मोठ्या कंपन्या पूर्ण रक्कम साधारण अडीच-तीन महिने आधी मागतात. छोट्या सफरीला मुदत थोडी कमी, मोठ्या सफरीला जास्त. भारतात अनेक एजंट पूर्ण पैसे बुकिंगच्या दिवशीच घेतात. त्यात बेकायदेशीर काही नाही, पण तुमच्या हातातलं एकमेव शस्त्र जातं. कंपनीच्या तारखेपर्यंत भाडं उतरलं तर नवा दर मिळू शकतो, त्या तारखेनंतर सहसा मिळत नाही. म्हणून डिपॉझिट परत मिळणारं आहे की नाही, हे भाड्याच्या आकड्याइतकंच नीट बघा. स्वस्त भाड्याचं डिपॉझिट बहुधा परत मिळत नाही. तारीख पक्की असेल तर ते घ्या. मुलांची परीक्षा, रजा, आजीची तब्येत यांपैकी एकही अनिश्चित असेल तर जास्त पैसे देऊन परत मिळणारं डिपॉझिट घ्या.

नव्या दराने बुकिंग करताना एक मोठी गफलत होते. दर ६० डॉलरने उतरला म्हणून लगेच बदलून घेतलं, आणि जुन्या ऑफरमधलं १०० डॉलरचं क्रेडिट गेलं. दर बदलला की ऑफरही त्या दिवशीची लागते. त्यामुळे एजंटाला आधी नव्या बिलाचा कागद पाठवायला सांगा, दोन्ही कागदांतून क्रेडिट वजा करा, आणि मगच हो म्हणा.

पंधरा-वीस जणांचा गोतावळा जाणार असेल, म्हणजे षष्ट्यब्दीपूर्ती, पंचाहत्तरी, सोसायटीची सहल, बँकेतून निवृत्त झालेल्यांचा ग्रुप, तर हाच मार्ग धरा. बऱ्याच मोठ्या कंपन्यांत ८ केबिन, म्हणजे १६ प्रवासी झाले की एका प्रवाशाचं मूळ भाडं माफ होतं. पोर्ट चार्जेस, कर आणि ग्रॅच्युइटी त्याच्याही वाट्याला येतात. केबिनमधला तिसरा-चौथा माणूस या मोजणीत बहुधा धरत नाहीत, म्हणून १६ डोकी म्हणजे १६ प्रवासी असं समजू नका. वरच्या उदाहरणातलं माफ झालेलं ४५० डॉलरचं भाडं १६ जणांत वाटलं तर माणशी २८ डॉलर होतात. ही माफी एजंट गप्प राहून स्वतःकडे ठेवू शकतो. म्हणून पहिल्याच मेलमध्ये विचारा: फुकट जागेचे पैसे आमच्यात वाटणार का? ग्रुपचं बुकिंग एकत्र करा, पण प्रत्येक केबिनची पावती वेगळी घ्या. एकाने रद्द केलं आणि संख्या ८ केबिनच्या खाली गेली तर सवलत सगळ्यांचीच जाते. तसं झालं तर फरक कोण भरणार हे नातेवाइकांत आधी बोलून ठेवलेलं बरं.

मार्ग चौथा: टूर कंपनीचं पॅकेज

गुण ३, पण ज्येष्ठांना आणि पहिल्यांदाच परदेशी जाणाऱ्यांना ४. विमान, व्हिसा, सिंगापूरचं हॉटेल, क्रूझ आणि मराठी बोलणारा टूर मॅनेजर असं सगळं एका रकमेत. क्रूझवरच्या सवलती तुमच्यापर्यंत पोचत नाहीत, त्या पॅकेजच्या दरात मिसळून जातात. केबिनचा प्रकार ठरलेला, जागा निवडता येत नाही. एकट्या प्रवाशाला मात्र हा मार्ग इतर तिन्हींपेक्षा स्वस्त पडू शकतो. क्रूझवर केबिनचं भाडं दोघांचं धरलेलं असतं आणि एकटा गेला तर बहुधा जवळपास दुप्पट भरावं लागतं. टूर कंपनी दुसरा जोडीदार शोधून देते तेव्हा हा बोजा टळतो. पॅकेजच्या कागदावर दोन गोष्टी तपासा: ग्रॅच्युइटी धरली आहे का, आणि ‘ओशन व्ह्यू’ लिहिलं असेल तर खिडकीसमोर लाइफबोट येते का.

काय मागावं, काय सोडून द्यावं

रोख रकमेसारखं वापरता येणारं ऑनबोर्ड क्रेडिट सगळ्यात चांगलं. त्याचे दोन प्रकार असतात. परत मिळणारं क्रेडिट उरलं तर शेवटी पैसे मिळतात. न मिळणारं उरलं की बुडालं. कंपनीच्या ऑफरमधलं क्रेडिट बहुधा दुसऱ्या प्रकारचं असतं. एजंटाने देऊ केलं तर कोणतं, हे विचारा, आणि ते कंपनीच्या कन्फर्मेशनवर छापून आलं पाहिजे असं सांगा. व्हॉट्सॲपवरचा ‘हो सर, मिळेल’ जहाजावरच्या काउंटरवर चालत नाही.

ग्रॅच्युइटी आधीच भरलेली मिळाली तर तीही तितकीच चांगली, कारण तो खर्च टळणारा नव्हताच. वायफाय बहुधा एकाच उपकरणापुरतं असतं, त्यामुळे ‘केबिनला फ्री वायफाय’ म्हणजे किती फोन, ते विचारा.

फुकट ड्रिंक्स पॅकेज बऱ्याच मराठी कुटुंबांना परवडत नाही, फुकट असूनही. काही कंपन्या फुकट पॅकेजवरही सर्व्हिस चार्ज लावतात. विकत घ्यायचं असेल तर हिशेब असा: रोजचे ७० डॉलर अधिक १८ टक्के ग्रॅच्युइटी म्हणजे ८२.६० डॉलर. एक पेय १३ डॉलर अधिक १८ टक्के म्हणजे १५.३४. रोज सहा पेयं घेतली तरच पॅकेज वसूल होतं, आणि त्यात बंदरावर फिरायला जायचा दिवसही आला. शिवाय रॉयल कॅरिबियनमध्ये केबिनमधल्या एका प्रौढाने दारूचं पॅकेज घेतलं की त्याच केबिनमधल्या इतर प्रौढांनाही घ्यावं लागतं. नवरा घेतो आणि बायको घेत नाही अशा घरात ४ रात्रींचे ६६० डॉलर होतात. फुकट पॅकेज देऊ केलं तर त्याऐवजी क्रेडिट मागा आणि हवं ते पेय सुटं घ्या.

खास रेस्टॉरंटचं फुकट जेवण शाकाहारी माणसाला फार कामाचं नाही. तिथे मेन्यू स्टेक, मासे, सुशी यांच्याभोवती असतो. ‘एम्प्रेस’वर आणि ‘जेंटिंग ड्रीम’वर भारतीय शाकाहारी आणि जैन जेवणाची सोय आहे, पण जैन जेवण बुकिंगच्या वेळीच नोंदवून घ्या. जहाजावर चढून सांगितलं तर पहिले एक-दोन दिवस हाल होतात, कारण सामान बंदरावरच भरलेलं असतं.

केबिन अपग्रेडसाठी बोली लावायची सोय, उदाहरणार्थ रॉयल कॅरिबियनचं रॉयलअप, काही जणांना लाभते. बोलीची रक्कम माणशी असते आणि पहिल्या दोन प्रवाशांवर लागते. एकटा असाल तरी दोघांची भरावी लागते. स्वीकारली गेली की पैसे लगेच कापले जातात, परत मिळत नाहीत, आणि जागा निवडता येत नाही. म्हणजे तुम्ही मध्यावरची शांत केबिन मुद्दाम निवडली असेल तर बोली जिंकून पुढच्या टोकाला, जास्त हलणाऱ्या भागात जाऊ शकता. समुद्र लागणाऱ्याने यात पडू नये. ‘गॅरंटी’ केबिनचंही तेच, पाण्यात म्हैस बाहेर मोल. प्रकार पक्का, नंबर कंपनी ठरवणार. दोन तरुणांनी घ्यावी, कारण स्वस्त पडते. दोन केबिन शेजारी हव्या असलेल्या कुटुंबाने घेऊ नये.

एमएससी या क्रूझ कंपनीच्या जहाजाने जायचा विचार असेल तर त्यांच्या व्हॉयेजर्स क्लबचं, म्हणजे सभासद योजनेचं, स्टेटस मॅच बघा. दुसऱ्या क्रूझ कंपनीचं किंवा मोठ्या हॉटेल साखळीचं सभासदत्व दाखवून त्यांच्याकडे दर्जा मिळू शकतो. अर्ज फुकट असतो, पण तो बुकिंगच्या आधी करायचा, म्हणजे सभासदांची ५ टक्के सूट बुकिंगलाच लागते. कामानिमित्त हॉटेलांत राहणाऱ्यांकडे असं कार्ड बहुधा पडूनच असतं. शेअर बाजारात असणाऱ्यांसाठी आणखी एक: रॉयल कॅरिबियन, कार्निव्हल आणि नॉर्वेजियन या तिन्ही कंपन्या निदान १०० शेअर असणाऱ्यांना सफरीमागे क्रेडिट देतात. फक्त या क्रेडिटसाठी शेअर घेणं शहाणपणाचं नाही, आधीपासून असतील तर अर्ज करायला विसरू नका. तो सफरीच्या आधी द्यावा लागतो.

केव्हा

चार जणांचं कुटुंब एका केबिनमध्ये जाणार असेल तर शेवटच्या क्षणाच्या सेलची वाट पाहणं चूक आहे. तिसऱ्या-चौथ्या माणसाचं भाडं खूप कमी असतं, म्हणून चौघांच्या केबिन आधी संपतात. शिवाय जहाजाच्या प्रत्येक भागातल्या माणसांची संख्या लाइफबोटींच्या क्षमतेने बांधलेली असते. ती भरली की रिकाम्या केबिन दिसत असूनही तिसरा-चौथा पाहुणा घेत नाहीत. साइटवर दोघांसाठी केबिन दिसते, चौघांसाठी ‘उपलब्ध नाही’ येतं, त्याचं एक कारण हे. दिवाळी, नाताळ आणि मे महिन्यातल्या तारखा चौघांसाठी जितक्या लवकर घेता येतील तितक्या घ्या, आणि दर उतरला तर बदलून घ्या. निवृत्त जोडप्याने मात्र शाळेच्या दिवसांत, सोमवार ते शुक्रवार, शेवटच्या दीड-दोन महिन्यांत पाहावं. जानेवारी ते मार्च हा जगभरच्या क्रूझ कंपन्यांचा सेलचा हंगाम. त्यात भाडं फार उतरत नाही, सोबतच्या भेटी वाढतात. सिंगापूरला जूनमध्ये, वर्षाखेरीला आणि चिनी नववर्षाला तिथल्याच लोकांची गर्दी असते, तेव्हा भाडं चढतं. मुंबईहून पावसाळ्यात सफरी नसतात, ‘एम्प्रेस’ त्या दिवसांत चेन्नईहून चालत आली आहे. हंगामाच्या सुरुवातीच्या आणि शेवटच्या आठवड्यांत, सुट्ट्या सोडून, दर नरम असतात. लक्षद्वीपची सफर घेत असाल तर हे ध्यानात ठेवा की जहाज बेटाला लागत नाही, छोट्या बोटींनी उतरवतात. समुद्र खवळला तर उतरणं रद्द होतं, आणि त्यासाठी क्रूझचं भाडं परत मिळत नाही.

जहाजावर असताना पुढच्या सफरीचं बुकिंग करायचा काउंटर असतो. तिथे डिपॉझिट कमी आणि क्रेडिट जास्त मिळतं. पुन्हा जायचं नक्की असेल तर घ्या, पण तिथेच सांगा की बुकिंग माझ्या एजंटाच्या नावावर जाऊ दे. नाहीतर ते थेट कंपनीकडे राहतं आणि एजंटाकडून मिळणारा वाटा हुकतो. नंतर वळवायचं तर त्याला ठरावीक मुदत असते.

शेवटच्या दिवसाचं बिल शेवटच्या सकाळी बघू नका, तेव्हा गेस्ट सर्व्हिसेसच्या काउंटरवर लांब रांग असते. आदल्या दुपारी ॲपवर किंवा केबिनच्या टीव्हीवर हिशेब उघडा. ठरलेलं क्रेडिट जमा झालं आहे का, आधीच भरलेली ग्रॅच्युइटी पुन्हा लागली नाही ना, मिनीबारचं न घेतलेलं काही चढलं नाही ना, ते तपासा. न परत मिळणारं क्रेडिट उरलं असेल तर त्याच संध्याकाळी दुकानात खर्चून टाका, कारण बंदर जवळ आलं की दुकानं बंद होतात. आणि कार्ड लावताना मशीनने रुपयात रक्कम दाखवली तर नको म्हणा, जहाजाच्याच चलनात भरा. रुपयात भरल्यास मशीनवाल्याचा दर लागतो, आणि तो कार्डाच्या फॉरेक्स मार्कअपपेक्षा (परकी चलनावर बँक लावते त्या जादा शुल्कापेक्षा) बहुतेक वेळा महाग पडतो.